गाणं संपल्यावर काय करता?

"मॅडम, सारखी रडकी गाणी ऐकून डिप्रेशन येतं का हो?" सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा येतोच. गंमत म्हणजे ऐकणारा क्वचितच विचारतो, विचारतात घरातले.

मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर बसणारा एक मुलगा आईला घेऊन आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) आई रोज दुपारी चारला मोबाइलवर एकच जुनं गाणं लावायची, सासरी निघालेल्या लेकीचं, आणि डोळे पुसत बसायची. यानं ते काढून टाकून आरत्या आणि लावण्या भरून दिल्या. "तेव्हापासनं घरात भांडी आपटायला लागलीत, मॅडम."

माझा पिंड अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वळणाचा. त्रास घटनेपेक्षा तिच्याकडे बघण्याच्या आपल्या रीतीमुळे होतो, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. त्यामुळे पहिल्या दोन भेटी मावशींची कुठली समजूत चुकतेय हे शोधण्यात गेल्या. त्या आपल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत बसायच्या. तिसऱ्या भेटीत मी हट्ट सोडला आणि साधंच विचारलं, "मावशी, गाणं संपल्यावर काय करता?"

"काय करनार? तोंड धुते. च्या टाकते. पुढं भाकरीचं बगायचं असतंय."

"आणि तेच गाणं का?"

पदर बोटावरच थांबला.

"आई दळताना असलंच कायबाय म्हनायची. एकोणीसच्या पुरात म्हायारच्या घरात पानी शिरलं. जातं ऱ्हायलं, दगूडच त्यो. फोटूंचा पार लगदा झाला, एक बी हाताला लागला न्हाई. दिवाळीच्या आत आई गेली. आता ते गानं लागल्याबिगर तिचं तोंडच दिसत न्हाई मला."

मुलगा खाली बघत होता. फोटो गेल्याचं त्याला ठाऊक होतं. त्यांच्या जागी गाणं आलंय आणि तेच आपण पुसलंय, हे त्याला तिथं कळलं. मलाही. मी चुकीची समजूत शोधत होते, आणि बाईंनी स्वतःवरचा इलाज घरीच बसवला होता: रोज तीन कडवी रडायचं आणि चहा टाकायला उठायचं.

तेव्हापासून कुठलं गाणं, किती उदास, हे मी विचारतच नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते याच सांगलीत. तिकीट काढून रडायला जायची आपली रीत जुनी आहे. करुण हाही रसच. नाटकाचा पडदा पडल्यावर माणूस घरी जातो की नाही, मला तेवढं बघायचं असतं.

त्याच सुमारास हॉस्टेलवर राहणारा एक विद्यार्थी यायचा. रात्री दोन वाजता इअरफोन, एकच गाणं पुन्हा पुन्हा. त्याचं गाणं संपतच नव्हतं. गाय रवंथ करते ती पचवायला. हा नुसताच चघळत होता. जेवण सुटलेलं, एक पेपर बुडवलेला. पुढे म्हणाला, "आता गाणंही नको वाटतं." घरच्यांना वाटलं, सुटलं एकदाचं व्यसन! मला मात्र धडकी भरली. आवडीचं गाणंसुद्धा नकोसं होणं, ही खरी काळजीची खूण. त्याला मी त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं.

म्हणून घरच्यांना सांगते, मोबाइल हिसकावू नका. एकदा शेजारी बसून पूर्ण गाणं ऐका आणि विचारा, "कोण आठवतं गं?" झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर मात्र गाण्याशी भांडत वेळ घालवू नका, डॉक्टर गाठा. जगण्याचाच कंटाळा आल्याची भाषा कानावर आली तर दोन आठवडेही थांबायचं नाही. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

तो अडतीवरचा मुलगा परवा भेटला. चारच्या सुमाराला आईला फोन करतो म्हणाला. "उचलते आणि म्हणते, थांब जरा, एक कडवं ऱ्हायलंय. मग मी पण धरून ठेवतो."