थडथडणारं स्टिअरिंग, अडकलेला लिव्हर आणि दुधाळ तेल
जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी बहुतेक पत्रं मारुती जिप्सीवाल्यांची आहेत, दोन जुन्या डिझेल जीपची. सगळ्यांना आधीच एक सांगून ठेवतो. गाडीखाली जायचं तर जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. चॅसीखाली स्टँड आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

प्र. माझी जिप्सी किंग 2004 सालची आहे. ताशी 55-60 च्या वेगात खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला की स्टिअरिंग इतकं थडथडतं की गाडी थांबवावीच लागते. गॅरेजवाल्याने स्टिअरिंग डॅम्पर बदलला. महिनाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता तो स्टिअरिंग बॉक्स बदला म्हणतो. बदलू का? (सातारा)

उ. थांबा. नवा डॅम्पर लावल्यावर महिनाभर बरं वाटलं, यातच तुमचं उत्तर आहे. डॅम्पर थडथड दाबतो, ती जिथून निघते ती जागा दुरुस्त करत नाही. एकसंध पुढचा अॅक्सल असलेल्या गाडीत एका चाकाला बसलेला धक्का टायरॉडमधून (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यातून) दुसऱ्या चाकाला जातो. मध्ये कुठे ढिलेपणा असला की दोन्ही चाकं एकमेकांना झुलवत राहतात. जिप्सीत हा ढिलेपणा बहुतेक वेळा किंगपिनच्या, म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं तिच्या, बेअरिंगमध्ये सापडतो. स्टिअरिंग बॉक्सचा नंबर यादीत बराच खाली लागतो.

शोधायला दहा मिनिटं पुरतात. पुढचं एक चाक उचला. वरून आणि खालून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, कारण ब्रेकने हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) नकलला (किंगपिनवर वळणाऱ्या अॅक्सलच्या टोकाला) जखडला गेला. ब्रेक दाबूनही चाक हलतंच असेल तर किंगपिन. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. तिथे खेळ असेल तर टायरॉड एंड किंवा ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून येणारा दांडा) बघा. जोडीला टायरमधली हवा, बॅलन्सिंग, व्हीलनट आणि पुढच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुशही तपासा. खराब बॅलन्सिंगमुळे हादरा सुरू होतो, पण तो वाढत जातो ढिल्या किंगपिनमुळे. म्हणून काही दुकानदार नुसतं बॅलन्सिंग करून पैसे घेतात आणि गिऱ्हाईक पंधरा दिवस खूश असतं.

किंगपिनचं काम घरी करता येतं. एका बाजूला साधारण अर्धा दिवस धरा. ब्रेकचा कॅलिपर काढून तारेने पाट्याला टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. हब, मग स्पिंडल (हब ज्यावर फिरतो ती पोकळ दांडी), मग आतला शाफ्ट जॉइंटसकट बाहेर ओढा. टायरॉड एंड सोडवा. नकलच्या मागच्या बाजूच्या सीलच्या पट्टीचे आठ बोल्ट काढा. मग वरच्या आणि खालच्या किंगपिनचे चार-चार बोल्ट. किंगपिनखाली पातळ शिम असतात. कुठल्या बाजूच्या, वरच्या की खालच्या, किती, ते लगेच कागदावर लिहून त्याच कागदात गुंडाळा. शेवटच्या बोल्टला नकल हाताने धरून ठेवा, नाहीतर तो पायावर येतो आणि खालची बेअरिंग मातीत पडते.

आता बेअरिंगचा बाहेरचा कप पुसून उजेडात धरा. छर्ऱ्यांच्या जागी बारीक आडव्या रेघा दिसतील आणि त्यांवरून नख फिरवलं तर अडकेल. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, म्हणून छर्रे वर्षानुवर्षं एकाच जागी आपटतात आणि तिथेच खोबणी पाडतात. स्टिअरिंग मधोमध आलं की किंचित अडकल्यासारखं वाटतं ते याच खोबणीमुळे. खालची बेअरिंग आधी जाते, कारण पाणी आणि गाळ तिथेच साचतो. कप पितळी पंचने चारी बाजूंनी थोडा थोडा ठोकत काढा. नवा कप तळाला पूर्ण टेकला की ठोकण्याचा आवाज बद्द न राहता टणक होतो, तोवर ठोका.

सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम म्हणजे प्रीलोड, बेअरिंगवर आधीच ठेवायचा ताण. बेअरिंगला वंगण भरून किंगपिन बसवा, बोल्ट सुमारे 25 न्यूटन मीटरला आवळा. सील आणि टायरॉड अजून लावायचे नाहीत. टायरॉड एंडच्या भोकात साधा तराजूकाटा अडकवून ओढा. नकल हलायला सुरुवात होताना काट्यावर 1 ते 1.8 किलो दिसायला हवं. कमी दिसलं तर एक पातळ शिम काढा, जास्त दिसलं तर वाढवा. हा काटा मासळीबाजारात मिळतो तसला चालतो. तो न लावता ‘हाताला घट्ट लागतंय’ एवढ्यावर बांधलेली गाडी सहा महिन्यांत परत येते.

नकल उघडल्यावर आतलं वंगण पाहा. घट्ट काळं असेल तर ठीक. पातळ होऊन गिअर ऑइलसारखं वाहत असेल तर अॅक्सलच्या नळीतलं आतलं सील गेलंय आणि डिफरेन्शिअलचं (दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीचं) तेल नकलमध्ये उतरतंय. ते सील आत्ताच बदला, नंतर त्यासाठी पुन्हा हे सगळं उघडावं लागेल. दोन्ही बाजूंच्या बेअरिंग एकाच वेळी बदला.

हे सगळं करूनही गाडी भरकटत असेल आणि कोणी पुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी) घालून ती उंच केली असेल, तर दोष तिथे आहे. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की अॅक्सलचा माथा पुढे झुकतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि चाक आपणहून सरळ येईनासं होतं. मूळ मापाचं शॅकल परत लावा.

प्र. मागचे दोन टायर झिजले म्हणून 215/75 आर 15 टाकले. पुढे जुने 205/70 आर 15 आहेत. चिखलात फोर व्हील टाकलं, बाहेर रस्त्यावर आलो तर लिव्हर निघेचना. ट्रान्सफर केस गेली का? (कर्जत)

उ. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) अजून गेलेली नाही, पण असंच चालवाल तर जाईल. मापं पाहा. 205/70 आर 15 चा व्यास सुमारे 668 मिलिमीटर, 215/75 आर 15 चा सुमारे 703. म्हणजे एका फेऱ्यात मागचं चाक पुढच्यापेक्षा सुमारे 11 सेंटिमीटर जास्त जातं, किलोमीटरला पन्नासेक मीटर. या गाड्यांत मध्यभागी डिफरेन्शिअल नाही. फोर व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (अॅक्सलकडे ताकद नेणारे लांब दांडे) एकमेकांना पक्के जखडलेले असतात. चिखलात चाकं घसरून हा फरक सोडून देतात. डांबरावर घसरायला जागा नाही, त्यामुळे ताण शाफ्टमध्ये आणि गिअरच्या दातांत साठतो आणि लिव्हर त्या दाबाखाली अडकतो. चारही टायर सारखे असले तरी डांबरावर वळणात हेच घडतं, फक्त कमी प्रमाणात.

लिव्हरवर पाय देऊन ढकलू नका. गाडी सरळ रेषेत पाच-सहा मीटर मागे घ्या, क्लच दाबून लिव्हर हलका ओढा. नाही निघाला तर एक बाजू मातीवर घ्या आणि पुन्हा करून पाहा. एक चाक जॅकने उचलूनही ताण सुटतो, पण ते चाक एकदम झटक्याने फिरतं. तेव्हा हात लांब ठेवा आणि बाकीच्या तिन्ही चाकांना ठोकळे लावा.

चारही टायर एकाच मापाचे आणि शक्य तोवर सारखे झिजलेले ठेवा. ते होईपर्यंत फोर व्हीलला हात लावू नका.

प्र. गुहागरच्या किनाऱ्यावर गाडी अॅक्सलपर्यंत पाण्यात गेली होती. आठवड्याने मागच्या डिफरेन्शिअलच्या सीलजवळ चहाच्या रंगाचं तेल दिसलं. (चिपळूण)

उ. पाणी आत गेलंय. पण सील फाटलं असेलच असं नाही, आधी ब्रीदर पाहा. अॅक्सलच्या नळीवर बोटाच्या पेराएवढी टोपी असते, तोच ब्रीदर. गाडी चालून अॅक्सल गरम होतो, आतली हवा फुगून त्या टोपीतून बाहेर पडते. तसाच गरम अॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. पाण्यात असताना ते काहीतरी म्हणजे पाणीच. टोपी चिखलाने बंद असेल तर सीलच्या ओठातून ओढलं जातं. उलट कोरड्या रस्त्यावर बंद ब्रीदरमुळे दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येतं. सील बदलूनही गळती थांबत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ब्रीदर कधी साफच केलेला नसतो.

गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा. सकाळी आधी वरचा, तेल भरायचा प्लग सोडवून पाहा, मग खालचा. वरचा गंजून बसला असेल आणि तुम्ही खालचा काढून मोकळे झाला असाल, तर गाडी जागची हलवता येणार नाही. खालचा प्लग हळूहळू सैल करा, सुटं पाणी आधी येईल. प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा असला तर काळजी नाही. चमकणारे कण किंवा दाताचा तुकडा असेल तर कव्हर उघडायची वेळ आली. स्वस्तातलं 80 डब्ल्यू 90 तेल भरून दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा आणि गरम असतानाच काढा. तेल दुधाळच निघालं तर पुन्हा तेच. रॉकेल घालून गाडी चालवू नका, दातांवरचा तेलाचा पापुद्रा निघून जातो. शेवटी जीएल-5 प्रतीचं 80 डब्ल्यू 90 भरा. जिप्सीच्या मागच्या डिफरेन्शिअलला साधारण दीड लिटर, पुढच्याला दोन, ट्रान्सफर केसला 0.8 लागतं. पुढच्या डिफरेन्शिअलचं आणि ट्रान्सफर केसचंही तेल तपासा. खरं माप मात्र प्लगच्या भोकाच्या कडेला तेल लागणं हेच.

मागचे ड्रम उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ब्रीदरच्या जागी नळी जोडून ती चॅसीवरून इंजिनच्या खोलीत उंच नेली तर पुढच्या वेळी हा खर्च वाचेल. डिझेलला वापरतात तसला रबरी पाइप चालतो. नळीला मध्ये झोल राहू देऊ नका, तिथे पाणी साचतं.

प्र. महिंद्राची जीप एमएम 540, प्यूजो इंजिन. डिझेल फिल्टर बदलल्यापासून सकाळी खूप वेळ स्टार्टर मारावा लागतो. एकदा सुरू झाली की दिवसभर काही नाही. मेकॅनिक डिझेल पंप कॅलिब्रेट करायला सांगतो. (अहिल्यानगर)

उ. फिल्टर बदलल्यापासून म्हणताय, मग पंपाला का हात लावायचा? ती हवा घेतेय. रात्री कुठल्यातरी सांध्यातून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरतं. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये तात्पुरता पारदर्शक पाइप जोडा. सकाळी त्यात बुडबुडे दिसले की नक्की झालं. फिल्टरचे रबरी रिंग नवे घाला, बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशरही नवे. जुने वॉशर उलटे करून वापरायची सवय असते, पण दोन-चार रुपयांसाठी ते करू नका. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारा. फेस जाऊन निखळ डिझेल आलं की पंप मारतानाच स्क्रू आवळा.

तरीही सकाळी त्रास उरला तर हीटर प्लग पाहा, थंड इंजिन सुरू होताना ते आतली हवा तापवतात. चारही प्लगांना जोडणारी पट्टी काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं एकेका प्लगच्या माथ्याला लावा. दिवा लागला नाही तर तो प्लग मेला. दोन मेले असतील तर थंडीत गाडी पांढरा धूर ओकत सुरू होते.

प्र. गिअर टाकताना खालून ‘टक्’ आवाज येतो. प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बदलला, पण आता ताशी चाळीसला गाडी गुरगुरते. (कोल्हापूर)

उ. शाफ्ट बसवताना सरकणारा सांधा चुकीच्या खाचेत गेलाय. दोन्ही टोकांचे काटे, म्हणजे क्रॉस धरणारी दुशिंगी टोकं, एकाच पातळीत हवेत. बऱ्याच शाफ्टवर बाणाची खूण असते. नसेल तर यापुढे उघडण्याआधी रंगाचा ठिपका देत जा. सांधा खेचून काटे जुळवा. वंगण क्रॉसच्या चारही टोप्यांतून बाहेर डोकावेपर्यंत भरा. एखाद्या टोपीतून येत नसेल तर त्या टोपीचा पाय बंद आहे, तो क्रॉस लवकरच जाणार.

प्र. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसचं तेल दर महिन्याला कमी होतं. खाली थेंबही नाही. (जुन्नर)

उ. गिअरबॉक्सचा लेव्हल प्लग काढून पाहा, तिथून तेल वाहील. या जीपमध्ये ट्रान्सफर केस थेट गिअरबॉक्सच्या पाठीला बसते आणि दोन्हींच्या मध्ये एकच सील असतं. ते गेलं की तेल एकीकडून दुसरीकडे जातं. सील बदलेपर्यंत दर पंधरा दिवसांनी दोन्ही प्लग उघडा आणि एकीकडचं जास्तीचं तेल काढून दुसरीकडे भरा. मात्र दोन्हींत एकाच प्रतीचं तेल ठेवा.