सही कोणाची, ते आधी विचार

बाळ, अनेक आशीर्वाद.

घरासाठी कर्ज कुठून घ्यावं, याचा तुझा तक्ता दोनदा वाचला. जवळची बँक ८.५ टक्के, लांबची वित्तसंस्था ८.२५. प्रक्रिया शुल्क, मुदत, हप्ता, सगळं नीट मांडलंयस आणि खाली लिहिलंयस, ‘काहीच ठरत नाहीये.’ कसं ठरेल? हवा तो रकानाच त्यात नाही. हप्ता भरणं जमेनासं झालं तर निर्णय कोण घेणार, आणि त्या माणसासमोर तुला जाऊन बसता येईल का?

त्या पाव टक्क्यात तुझा जीव अडकलाय. २० वर्षांच्या मुदतीत त्याने हप्ता दोन टक्क्यांनीही उतरत नाही. तरी रक्कम थोडी नाही, मान्य. पण दुसरा हिशेबही कर. ८.५ टक्क्यांच्या कर्जात पहिल्या हप्त्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग नुसत्या व्याजात जातो. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलेस, तरी सुमारे ८८ टक्के मुद्दल शिल्लकच. नोकरी जाणं, आजारपण या काळात आलं, तर जवळजवळ सगळं कर्ज डोक्यावर असतानाच येणार. तेव्हा समोर कोण असेल?

माझा पगार थांबला तेव्हा हप्ता चुकायच्या आधीच मी शाखेत गेलो. शाखाधिकाऱ्यांनी फाइल मागवली, परतफेडीचा तक्ता माझ्याकडे फिरवला आणि समासात पेन्सिलीने नवा हप्ता मांडून दाखवला. मुदत वाढली, एकूण व्याज जास्त गेलं, घर राहिलं.

त्याच सुमारास धाकट्या भावाचं काम बंद पडलं. त्याचं कर्ज लांबच्या संस्थेचं. फोनवर दर वेळी नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी, तीच कागदपत्रं पुन्हा पाठवायची. ‘तुमची विनंती पुढे पाठवली आहे.’ पुढे म्हणजे कुणाकडे, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. दंड चढत गेला आणि त्याने घर विकलं. ते अजून सलतं मला. मी जास्त व्याज भरलं म्हणून घरचे आजही नावं ठेवतात. ठेवोत. पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन.

पण अगं, नुसत्या जवळच्या पाटीला भुलू नकोस! पाटी गल्लीतली आणि सही मुख्यालयातली, असं सर्रास असतं. शाखेत सरळ विचार: मुदतवाढीचा अर्ज कुणाच्या टेबलावर जातो? ‘वर पाठवावा लागतो’ असं उत्तर आलं, तर ती बँकही तुझ्यापासून लांबच. उलट लांबच्या संस्थेने अधिकार असलेल्या माणसाचं नाव लेखी दिलं, तर खुशाल तिकडे जा, माझी काही हरकत नाही.

बाकीचं तुला कळतं. तरी दर बदलता असेल तर तो कशाला जोडलाय, खाली आला तर जुन्या कर्जदारालाही मिळतो का, मुदतीआधी फेडल्यास शुल्क किती, मूळ दस्त कुठे राहणार, हे मंजुरीपत्रावर सही करण्याआधी वाच. तुझं कर्ज त्यांना दुसऱ्या कुणाला विकता येतं का, तेही बघ.

या आठवड्यात दोन्हीकडे विचार आणि तक्त्यात तो रकाना भर. दराबद्दल त्यानंतर बोलू.

तुझा काका