सरकार आणि लोकप्रतिनिधी साहित्यासाठी, वाचनासाठी नक्की काय करतात? सामान्य वाचकाला त्याचा काही उपयोग होतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पुरस्कार आणि साहित्य संमेलन सोडलं तर सरकारचं काही दिसत नाही. मी तालुक्यातल्या एका 'ड' वर्ग (म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातल्या) सार्वजनिक वाचनालयाचा बरीच वर्षं कार्यवाह होतो. त्यामुळे या विषयावर शांतपणे, दोन्ही बाजू तोलून वगैरे उत्तर येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

दिसतं ते आधी उरकतो. केंद्राची साहित्य अकादमी १९५४ ची, नॅशनल बुक ट्रस्ट १९५७ चा, आणि ग्रंथालयांना पुस्तकं पुरवणारं कोलकात्याचं राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ चं. आपल्याकडे राज्य झालं त्याच वर्षी, १९६० साली, यशवंतराव चव्हाणांनी साहित्य आणि संस्कृती मंडळ काढलं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना अध्यक्ष केलं. मराठी विश्वकोश त्यातूनच उभा राहिला. सरकारने भाषेसाठी काय केलं असं कुणी विचारलं तर मी आजही विश्वकोशाकडे बोट दाखवतो. अलीकडचं म्हणाल तर २०१७ मध्ये भिलार पुस्तकांचं गाव झालं, त्याआधी २०१५ मध्ये १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन सुरू झाला, संमेलनाचं अनुदान ५० लाखांवरून २ कोटींवर गेलं आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे मीही खाल्ले.

पण सरकार वाचनासाठी जे सगळ्यात मोठं काम करतं त्याचा फोटो कुठे छापून येत नाही. ते म्हणजे गावातलं अनुदानित वाचनालय. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा, त्याखाली शासनमान्य ग्रंथालयं, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. २०१२ च्या सुमारास अशी १२ हजारांवर ग्रंथालयं होती. बहुतेक सगळी स्थानिक मंडळींनी काढलेली. सरकार फक्त पैसे देतं आणि तपासणी करतं. आता पैसे किती, ते बघा. 'ड' वर्गाला २०१२ पासून वर्षाला ३० हजार रुपये मिळायचे. त्यातले निम्मे पगारावर धरा, म्हणजे ग्रंथपालाच्या हातात महिन्याला १,२५०. दहा वर्षं हा आकडा जागचा हलला नाही. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली तेव्हा ४८ हजार झाले, म्हणजे त्याच हिशोबाने महिन्याला २,०००. त्यातही दुसरा हप्ता मार्चअखेरीला पडायचा आणि तोवर वीजबिल आणि वर्तमानपत्रांचं बिल कार्यकारिणीतल्या कुणाच्या तरी खिशातून जायचं.

तपासणीचा विषय निघालाच आहे तर आता माझं रडगाणं ऐकून घ्या. २०१२ साली सरकारने राज्यभरातल्या शासनमान्य ग्रंथालयांची महसूल खात्यामार्फत पडताळणी करून घेतली. नुसत्या कागदावरची ग्रंथालयं अनुदान खातात अशी ओरड होती. आमच्याकडे पथक आलं ते भर दुपारी. वाचनालय बंद होतं, आणि बंदच असणार. बाहेरच्या पाटीवर स्वच्छ लिहिलं होतं: सकाळी ८ ते १०, संध्याकाळी ५ ते ८. दुपारी बाराला गावात पुस्तक बदलायला येतंय कोण? माणसं शेतात, पोरं शाळेत. निरोप गेला तशा आमच्या ग्रंथपाल बाई हातातलं काम टाकून आल्या आणि कुलूप काढलं. एकाने दाखल रजिस्टर मागितलं, दुसऱ्याने कपाटं मोजायला घेतली. रजिस्टरात जेवढे दाखल क्रमांक, तेवढी पुस्तकं कपाटात हवीत, एवढाच त्यांचा हिशोब. त्या हिशोबात चारेकशे पुस्तकं कमी भरली.

बाईंनी देवघेवीचा लाकडी खोका पुढे सरकवला. आत सभासदवार कार्डं, प्रत्येकाच्या खिशात घरी गेलेल्या पुस्तकाचं कार्ड खोचलेलं, वर तारखेचा शिक्का. "साहेब, ही बाहेर आहेत."

"बाहेर म्हणजे?"

"लोकांच्या घरी. वाचायला नेलीत."

"मग ती मी मोजू कशी?"

बाईंनी बाइंडिंगसाठी बांधून ठेवलेलं पोतं सोडून दाखवलं. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांची कव्हरं गेलेली, पानं सुटलेली. इतकी हाताळलेली पुस्तकं म्हणजे निर्लेखित करायचा, नोंदीतून काढून टाकायचा माल, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि तीही वजा केली. शेरा असा आला: नोंदीपेक्षा पुस्तकं कमी, भेटीच्या वेळी ग्रंथालय बंद.

शेजारच्या गावात एका पुढाऱ्याच्या संस्थेचं ग्रंथालय होतं. तिथे एकही त्रुटी निघाली नाही. काचेचं कपाट, प्लास्टिकची कव्हरं, आणि रजिस्टरप्रमाणे पुस्तक ना पुस्तक जागेवर. जागेवर नसून जातंय कुठे? उद्घाटनानंतर त्या कपाटाची किल्ली फिरली असेल तर ती त्याच दिवशी.

मग आमची त्रुटीपूर्तता सुरू झाली. पुस्तक ज्याच्या घरी आहे त्याची सही आणायची. बाई आणि मी दारोदार फिरलो. एका आजोबांना वाटलं सही केली की पुस्तक काढून घेणार. "अजून वाचून व्हायचंय," म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्यांची सही शेवटपर्यंत मिळाली नाही. मान्यता टिकली, पण पडताळणीनंतर सरकारने दर्जावाढ आणि नवी मान्यता दोन्ही वर्षानुवर्षं रोखून धरल्या. आमचा 'क' वर्गाचा प्रस्ताव तयार होता, तो तयारच राहिला. बाई पुढे तालुक्याला एका झेरॉक्सच्या दुकानात लागल्या. तिथे त्यांना चौपट मिळायला लागले, तेव्हा थांबा म्हणायला तोंड नव्हतं. त्यांच्या जागी आलेला मुलगा चांगला होता, पण कुठल्या आजींना कुठलं पुस्तक द्यायचं हे त्याला कळेपर्यंत निम्म्या आज्या यायच्या बंद झाल्या.

यावरून आमच्या दाजींशी (थोरल्या बहिणीचे यजमान, सरकारी नोकरीतून निवृत्त) माझं जे वाजलं ते आजतागायत मिटलेलं नाही. ते दुसऱ्या तालुक्यात अशाच एका पथकात होते. त्यांचं म्हणणं, "तुमची निम्मी वाचनालयं म्हणजे पत्त्यांचे क्लब. सरकारने मोजायचं नाही तर काय करायचं?" माझं म्हणणं, मोजा की. पण महिन्याला किती पुस्तकं घरी गेली ते मोजा, गेल्या वर्षात किती नवे सभासद झाले ते मोजा, चार सभासदांच्या घरी जाऊन विचारा. कपाटातली पुस्तकं मोजणं म्हणजे दवाखान्यातल्या रिकाम्या खाटा मोजून डॉक्टर चांगला ठरवण्यातला प्रकार आहे. दाजी यावर म्हणतात, "नियमात तसं नव्हतं." हे मात्र खरं आहे, आणि माझं भांडण तिथेच आहे.

कारण नियम लिहितं कोण? तुम्ही लोकप्रतिनिधींबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. कायदा करणाऱ्यांना या गोष्टी जमत नाहीत असं मुळीच नाही. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. मद्रासने १९४८ मध्ये केला, त्यामागे भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन होते, आणि त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर (म्हणजे फक्त ग्रंथालयांसाठीचा जादा कर) बसवला. केरळातही इमारत करावर उपकर आहे आणि तिथल्या ग्रंथालय परिषदेवर गावोगावच्या ग्रंथालयांनी निवडून दिलेली माणसं बसतात. आपल्या १९६७ च्या कायद्यात उपकरच नाही. म्हणजे ग्रंथालयांचा स्वतःचा, हक्काचा पैसा नाही. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडाकडे बघायचं. उपकराचं नाव काढलं की मतदार रागावतील अशी भीती, आणि समाजमंदिराच्या वर एक खोली बांधून 'अभ्यासिका' अशी पाटी लावली की लोक खूश. आमच्या आमदारांनी अशी खोली दिली. खुर्च्या छान आहेत. पुस्तकं कुठून आणायची आणि कुलूप कोण उघडणार, हे विचारल्यावर "ते तुम्ही बघा" असं उत्तर मिळालं.

संसदेचा एक नमुना सांगतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने आपलं नवं पुस्तक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायचं, त्यात मुंबईतलंही एक आहे. कल्पना फार चांगली. न पाठवल्यास कायद्यात दंड किती लिहिला? ५० रुपयांपर्यंत, अधिक पुस्तकाची किंमत.

आता तुमचा प्रश्न, वाचकाला उपयोग काय. जवळच्या शासनमान्य वाचनालयाचे सभासद व्हा. वर्गणी अगदी किरकोळ असते. नुसते सभासद होऊ नका, पुस्तकं न्या, आणि मुक्तद्वार वाचनालयात (सभासद नसलेल्यालाही बसून वाचता येतं त्या खोलीत) पेपर वाचलात तरी वहीत सही करा. हवं ते पुस्तक मागणीच्या वहीत लिहा, खरेदीच्या वेळी कार्यकारिणीला ती वही उघडावीच लागते. वार्षिक सभेला जा. बहुतेक ठिकाणी गणसंख्येसाठी माणसं शोधत फिरावं लागतं, तुमचं स्वागतच होईल. अनुदान कशावर गेलं ते तिथे उभं राहून विचारा, माहितीच्या अधिकाराची गरज पडत नाही. पुस्तकं पोस्टाने मागवत असाल तर १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००. आधीची रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये एकाएकी बंद केली होती, त्यावर ओरड झाली होती. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, पण कागदाला आणि छपाईला तो लागतोच, त्यामुळे पुस्तक स्वस्त होईल या भ्रमात राहू नका.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे लिहायला हव्यात. बोगस ग्रंथालयं होती, आमच्याच तालुक्यात होती, आणि पडताळणी व्हायलाच हवी होती. दुसरं, माझा सगळा अनुभव 'ड' वर्गातला आहे. शहरातल्या 'अ' वर्ग ग्रंथालयांना लाखांत अनुदान मिळतं, जुन्या इमारती आणि देणगीदार असतात, त्यांची दुखणी वेगळी. तुम्ही शहरात राहत असाल तर वरचं निम्मं उत्तर तुमच्या कामाचं नाही.

दाजी ही साइट रोज वाचतात हे मला माहीत आहे. दाजी, जे काय म्हणायचं असेल ते खाली प्रतिसादात लिहा, ताईसमोर नको.