वर्गणी काढायच्या आधी हे विचारलंत का?

मागच्या अंकात आरोग्यावरचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं. वाटलं होतं शुगर, गुडघेदुखी, केस गळणं असलं काहीतरी येईल, पण बरीचशी पत्रं निघाली पैशांची, शेजाऱ्यांची आणि सरकारी दवाखान्याची. बरंच झालं म्हणा. नावं छापत नाही, गाव तेवढं देतोय.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या बायकोच्या हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन सांगितलंय आणि हॉस्पिटलने सव्वातीन लाखांचं एस्टिमेट हातात ठेवलंय. सेक्रेटरींनी ग्रुपवर प्रत्येक फ्लॅटने दोन हजार द्या म्हणून मेसेज टाकला आणि तिथून जी भांडणं सुरू झाली ती अजून चालूच आहेत. काहीजण म्हणतात माणुसकी आहे की नाही, काहीजण म्हणतात आम्ही टॅक्स भरतो, हे सरकारचं काम आहे. माणूस मूळचा उत्तर प्रदेशातला, पण बरीच वर्षं इथेच आहे. तुमचं मत काय? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

दोन हजार द्या हो, त्यात वाद घालण्यासारखं काय आहे. पण मला विचाराल तर तुमच्या ग्रुपवर एवढे मेसेज पडले त्यात एकानेही हे विचारलेलं दिसत नाही की ते हॉस्पिटल कुठल्या सरकारी योजनेत आहे का, आणि सगळ्यात आधी विचारायचं ते तेच होतं. झडपेचं ऑपरेशन योजनांमध्ये बसतं. आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्राच्या रेशनकार्डवर चालते, पूर्वी पिवळं आणि केशरी कार्डच लागायचं, २०२३ मध्ये सरकारने पांढऱ्या कार्डालाही ती लागू करायचं ठरवलं आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं ते पाच लाख केलं. आता तुमच्या वॉचमनचं रेशनकार्ड गावाकडचं असेल तर इथे त्याचं नाव लागणार नाही, पण आयुष्मान भारत या केंद्राच्या योजनेच्या यादीत त्याचं कुटुंब असेल तर ते कार्ड दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या हॉस्पिटलातही चालतं. १४५५५ वर फोन करून विचारा, किंवा योजनेतल्या कुठल्याही हॉस्पिटलात जा, तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, त्याच्याकडे आधारकार्ड द्या, तो बघून सांगतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, योजनेची मंजुरी ऑपरेशनच्या आधी यावी लागते. आत्ता रोख भरू आणि नंतर क्लेम करू असा मेडिक्लेमसारखा हिशोब इथे नाही, म्हणून घाईघाईत डिपॉझिट भरून मोकळे होऊ नका.

योजनेत नाही बसलं तर ट्रस्टचं हॉस्पिटल बघा. धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, ही मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना आहे, कुणाची मेहरबानी नाही. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. इमर्जन्सीत तर या हॉस्पिटलांनी डिपॉझिट मागायचंच नाही असं त्यात लिहिलंय. पण काउंटरवरचा माणूस आपणहून हे सांगेल अशी आशा ठेवू नका, तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन नाव घेऊन विचारावं लागतं. आणि इथेच तुमच्यासारख्यांचं काम आहे. बारा तास गेटवर उभा राहणारा माणूस एसी लॉबीत जाऊन हे असं विचारू शकत नाही, त्याला खुर्चीवर बसायचीच भीती वाटते. सोसायटीतला एखादा रिटायर्ड काका नुसता त्याच्यासोबत गेला, फाईल हातात धरून दोन वाक्यं नीट बोलला, तरी चित्र बदलतं. वर्गणीने ते होत नाही.

आणि टॅक्सवाल्या मंडळींना माझा एक प्रश्न. वॉचमन एजन्सीचा आहे ना? मग त्याचा ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, भरला जातो का हे कधी बघितलंत? महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत असेल तर आणि एजन्सीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर तो भरायलाच हवा, कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. त्यात बायकापोरांचे उपचार येतात, मोठ्या ऑपरेशनला काही अटी असतात पण येतात. एजन्सी स्वस्तात मिळाली म्हणून एजीएममध्ये टाळ्या वाजवल्या असतील तर ती स्वस्ताई कुठून आली ते आता कळलं असेल. बायकोच्या आजारपणात त्याचे खाडे पडतील ते पगारातून कापू नका, हे वेगळं सांगायला लागू नये पण सांगतो.

प्रश्न : माझे वडील ७३ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, पेन्शन चांगली आहे. सत्तरीनंतर सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतं असं कळलं. मी काढायला निघालो तर बाबा म्हणाले नको, आपल्याला परवडतं, गरिबाची जागा कशाला अडवायची. घरात दोन तट पडलेत. (एक वाचक, कोल्हापूर)

बाबांना माझा नमस्कार सांगा, पण कार्ड काढा. सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंतचं हे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून आहे, वय वंदना म्हणतात त्याला, नुसत्या आधारवर होतं. सरकारने मुद्दामच त्यात उत्पन्नाची अट ठेवली नाही कारण त्या वयात नवीन मेडिक्लेम एकतर मिळत नाही आणि मिळाला तर हप्ता बघून बीपी वाढतं. त्यात ठरावीक जागा नाहीत, त्यामुळे बाबांनी कार्ड काढलं म्हणून दुसऱ्या कुणाचं कमी होत नाही.

उलट माझं तर म्हणणं असं की ज्यांना बोलता येतं, लिहिता येतं अशी माणसं अशा योजनेत असलीच पाहिजेत. फक्त गरिबांसाठी म्हणून जे काही असतं तिथे कुणी विचारणारं नसतं, निवृत्त मास्तर लाइनीत उभे राहिले की कागद नीट सुटतात, शिवाय मास्तर तक्रारही व्यवस्थित परिच्छेद पाडून लिहितात. बाबांना खरंच कुणाची जागा सोडायची असेल तर धर्मादायच्या खाटेची सोडा, तिथे खाटा मोजक्या असतात आणि तिथे खोटे दाखले लावून घुसणारी सुखवस्तू माणसं मी पाहिलीत. हां, आणि हे कार्ड ॲडमिट झाल्यावरच्या खर्चाचं आहे, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात येत नाहीत, त्यासाठी जनऔषधी केंद्र बघा.

प्रश्न : आमच्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, बिल्डिंग नवी आहे, पण दुपारनंतर डॉक्टर नसतात. लोक म्हणतात तिथे नुसत्या गोळ्या देतात, इंजेक्शन सलाईन काही नाही, म्हणून सगळे तालुक्याला खाजगीत जातात. तक्रार करून उपयोग होतो का? आणि गावाने काय करायचं? (एक वाचक, बार्शी तालुका)

हे पत्र सगळ्यात जास्त ठिकाणांहून आलंय, फक्त तालुका बदलतो.

आधी सलाईनचं बोलू कारण ते मनात बसलंय. एक लिटर साध्या सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. उलट्या थांबत नाहीत, माणूस पार सुकलाय, शुद्ध हरपतेय, तेव्हा ते जीव वाचवतं. नुसता अशक्तपणा वाटतो म्हणून चारपाचशे रुपये मोजून बाटली लावून घेणं म्हणजे महागडं मीठपाणी. गोळी देऊन घरी पाठवणारा डॉक्टर बऱ्याचदा जास्त प्रामाणिक असतो, पण आपल्याकडे सुई टोचली नाही तर पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही त्याला काय करणार, आणि इथे तर पैसेही लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय, केस पेपरपासून सगळं फुकट आहे. (मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आणि महापालिकेचं हॉस्पिटल त्यात धरू नका, तिथे वेगळं.)

डॉक्टर नसतात ही तक्रार मात्र खरी आहे आणि तिचा उपयोग होतो, फक्त पारावर करून होत नाही. कुठल्या दिवशी किती वाजता गेलो, कोण होतं, कोण नव्हतं, असं लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्याला अर्ज द्या आणि पोच घ्या. एकट्याने देऊ नका, पाचसात जणांच्या सह्या घ्या, त्यात बायकांच्या असू द्या कारण दवाखान्याची खरी गरज त्यांना आणि पोरांना असते. पीएचसीला रुग्ण कल्याण समिती असते, गावाला ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती असते, तिला वर्षाला दहा हजारांपर्यंत निधी येऊ शकतो. तो कुठे खर्च झाला हे ग्रामसभेत विचारायला कुणाच्या बापाची भीती नाही. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम झालं, गावकऱ्यांनीच दवाखान्याला मार्क द्यायचे, मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून सांगायचं की सुईण नव्हती, औषध बाहेरून आणायला लावलं, पैसे मागितले. त्यातून बंद उपकेंद्रं उघडली, बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. पोलीस नव्हते की मोर्चा नव्हता, नुसतं सगळ्यांसमोर विचारणं होतं.

आता थोडं गावाला. डॉक्टरचं क्वार्टर कधी आतून बघितलंत? छत गळतंय, बाथरूमला दार नाही, पाणी दिवसाआड, आणि लेडी डॉक्टर असेल तर रात्री दारू पिऊन दार वाजवणारे दोनतीन बहाद्दर. अशा ठिकाणी तुमची मुलगी राहिली असती का? डॉक्टरने मुक्कामी राहायचं हा नियम आहेच, पण दार आणि पाणी ग्रामपंचायत देऊ शकते, आणि ते दोन बहाद्दर तर गावचेच आहेत. शिवाय सरपंच, सोसायटीचा चेअरमन, शाळेतले गुरुजी सगळे खाजगीत जातात हे जोपर्यंत चालू आहे तोपर्यंत वरच्यांना तुमच्या पीएचसीची काळजी वाटायचं कारण नाही.

प्रश्न : मी आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे. रात्री दोन वाजता डिलिव्हरीची केस आली तरी मी जाते, १०८ ला फोन मीच करते. सकाळी लोक म्हणतात तुला सरकार पैसे देतं ना, मग उपकार कसले. फार लागतं हो मनाला. (नाव-गाव नको म्हणाल्या)

ताई, हे उत्तर तुमच्यासाठी नाही, गावासाठी आहे. आशाला पगार नसतो. सरकारच्या कागदावर ती स्वयंसेविका आहे, कामाप्रमाणे मोबदला आणि थोडं मानधन, आणि तेही कधी वेळेवर येतं कधी रखडतं, म्हणून तर २०२३ मध्ये त्या संपावर गेल्या होत्या. रात्री दोनला ज्या घरी ती जाते त्या घराने परत येताना तिला सोडायला माणूस आणि गाडी द्यायची, एवढं जरी ठरवलं तरी खूप आहे. चहाही चालेल.

प्रश्न : आमचं मंडळ गणपतीत रक्तदान शिबिर घेतं. गेल्या वर्षी दीडशे बाटल्या झाल्या, यंदा ब्लड बँकवाले म्हणतात एवढ्या नकोत, मे महिन्यात घ्या. मे मध्ये कोण येणार? पोरं नाराज झालीत. (एक कार्यकर्ता, ठाणे)

ब्लड बँकवाले बरोबर बोलतायत. रक्त काही गहू नाही कणगीत भरून ठेवायला. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर फक्त ५ दिवस, मग गणपतीत आणि नेत्यांच्या वाढदिवसाला एकाच आठवड्यात ढीगभर बाटल्या गोळा करून उपयोग काय, त्यातल्या काही फेकायची वेळ येते आणि एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, माणसं गावी, तेव्हा नातेवाईक ग्रुपवर ग्रुप पालथे घालत ए पॉझिटिव्ह शोधत फिरतात. दिवाळीतही तेच. थॅलेसेमियाच्या, म्हणजे जन्मतःच रक्ताचा आजार असलेल्या मुलांना दर दोनतीन आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांच्या आईबापांना विचारा मे महिना कसा जातो.

शिबिर बंद करू नका, लहान करा. पन्नास जण गणपतीत द्या, बाकीच्यांची रक्तगट लिहून यादी करा आणि मे मध्ये ज्या रविवारी जे गावात असतील त्यांना थेट ब्लड बँकेत पाठवा. पुरुष तीन महिन्यांनी आणि बायका चार महिन्यांनी देऊ शकतात, म्हणजे गणपतीत दिलेली पोरं मेपर्यंत केव्हाच मोकळी झालेली असतात. आणि ते हेल्मेट, ट्रॉलीबॅग वाटणं थांबवा बुवा, बॅगसाठी येणारा माणूस कावीळ होऊन गेली होती हे फॉर्मवर लिहीत नाही.

प्रश्न : वरच्या मजल्यावरच्या काकूंना कुंड्यांचं वेड आहे, ताटल्यांत पाणी साचलेलं असतं. आमच्या विंगमध्ये डेंग्यूचे पेशंट निघाले. बोललं की म्हणतात माझं पाणी स्वच्छ आहे. (एक वाचक, नाशिक)

स्वच्छ आहे हाच तर प्रॉब्लेम आहे, डेंग्यूचा एडिस डास गटारात नाही, साध्या साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि चावतो दिवसा, म्हणून रात्रीच्या मच्छरदाणीवर अवलंबून राहू नका. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडी राहू शकतात, ताटली घासावी लागते. काकूंना एकटं पाडू नका, सगळ्या विंगने शनिवारी सकाळी एकदम करा, गच्चीवरचे टायर, न वापरलेले कूलर, टाकीचं झाकण, सगळं. तरी ऐकल्या नाहीत तर महापालिकेच्या मलेरिया विभागाला कळवा, ते घरोघर येऊन तपासतात, अळ्या सापडल्या तर नोटीस देतात. फक्त बोलवायच्या आधी स्वतःच्या फ्रिजमागचा ट्रे बघून ठेवा, कारण ते तुमच्या घरीही येणार.