स्मृती शिष्यवृत्तीचा अर्ज आणि ते आठ बार

जळगाव

प्रिय विद्यार्थी,
अनेक आशीर्वाद.

व्हायोलिन शिकायला परदेशी जाण्यासाठी तू केलेल्या शिष्यवृत्त्यांच्या यादीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. १८९२ साली सुरू झालेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट ही कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, ती फेडावी लागते. स्मृती शिष्यवृत्ती, म्हणजे एखाद्या वादकाच्या स्मरणार्थ ठेवलेल्या निधीतली मदत, बहुधा परत द्यावी लागत नाही, पण ठेवणाऱ्यांच्या अटी तिला असतात: अमुकच वाद्य, फक्त ऑर्केस्ट्राचं शिक्षण, ठरावीक वय. वय कोणत्या तारखेला मोजतात ते आधी बघ. अटीत बसला नाहीस तर तुझं वाजवणं कुणी ऐकणारसुद्धा नाही.

ऑर्केस्ट्राच्या निवडीत मोझार्टच्या ३, ४ किंवा ५ क्रमांकाच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोचा (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचा) पहिला भाग आणि ऑर्केस्ट्राच्या रचनांतले काही उतारे मागतात. त्यांत मोझार्टच्याच ३९व्या सिम्फनीचा शेवटचा भाग नेहमीचा. त्याचे पहिले आठ बार (तालाचे छोटे समान विभाग) हळू आवाजात, नवव्यापासून जोरात. इथेच मुलं फसतात. आवाज कमी करताना उजवा हात आखडतो आणि सेमिक्वेव्हर (एका ठोक्यात चार येणारे जलद स्वर) पुढे पळतात. बोच्या (गजाच्या) मध्याजवळ, थोडासाच बो वापर. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं साधन) मिनिटाला ८० ठोक्यांवर लाव. सलग तीनदा स्वच्छ आलं की ४ने वाढव. परीक्षक चापल्याआधी लय आणि सूर ऐकतात.

मोबाइल आवाज आपोआप सारखा करतो, म्हणून आठव्या-नवव्या बारमधला तो फरक रेकॉर्डिंगमध्ये पुसला जातो. हे आपोआप होणं बंद करता येईल असं अ‍ॅप घे. मोबाइल अडीच-तीन मीटरवर आडवा ठेव. डावा हात, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) आणि आख्खा बो दिसला पाहिजे. कापाकापी नको. पंखा, कूलर बंद हवेत. मे महिन्यात आपल्याकडे ते पहाटेच जमेल.

उन्हाळ्यात वाद्याला जप. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंट्या सटकतात, ४४० हर्ट्झवर लावलेली ए तार उतरते. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून अडकतात. पेटीत आर्द्रतामापक ठेव, काटा ४० ते ६० टक्क्यांत राहू दे. कूलरचा झोत आणि पत्र्याची खोली, दोन्ही टाळ. वाद्याच्या कडेने बोटाने ठकठक करत जा. एखाद्या जागी खरखर ऐकू आली तर सांधा सुटलाय. फेविकॉल अजिबात लावू नकोस. तिथे सरस (प्राण्यांपासून केलेला गोंद) लागतो, कारण पुढच्या दुरुस्तीत तो सोडवता येतो. व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याकडेच ने.

खर्चात फीबरोबर राहणं, व्हिसा, आरोग्य विमा, तारांचे संच आणि बोचे केस बदलणंही धर. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढायला टाक, शिफारसपत्रासाठी गुरूंना निदान महिनाभर आधी सांग.

पहिलं रेकॉर्डिंग या रविवारी कर आणि मला पाठव. आधी ते आठ बारच ऐकेन.