नावांची यादी मागितली तर

वाचकाचे पत्र : मी नवी मुंबईतील एका खासगी विद्यापीठात विद्यार्थी समुपदेशक आहे. वय २९, राहायला ऐरोलीला. मानसशास्त्रात एम. ए. आणि त्यावर समुपदेशनाची पदविका केली आहे. नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर आहे आणि सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांसाठी मी एकटीच आहे. माझी खोली परीक्षा विभाग आणि फी भरण्याची खिडकी यांच्या मध्ये आहे. दार काचेचे आहे आणि बाहेरच्या टेबलावर एक रजिस्टर असते, त्यात नाव, वर्ग आणि ‘येण्याचे कारण’ लिहावे लागते. अधिष्ठाता सर दर महिन्याला आलेल्या मुलांच्या नावांची यादी मागतात. ऑगस्टमध्ये वसतिगृहातील एका मुलीने जीव देण्याचा विचार माझ्याजवळ बोलून दाखवला. मी घाबरून तिच्या वडिलांना फोन केला आणि ते त्याच रात्री तिला घरी घेऊन गेले. आता ती परतली आहे, पण मी समोर दिसले की मान वळवते. मुलांकडे माझा नंबर आहे. रात्री एक-दोन वाजताही मेसेज येतात आणि उत्तर दिले नाही तर मला झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात, “दिवसभर लोकांची रडगाणी ऐकतेस आणि घरी येऊन तोंड पाडून बसतेस.” माझे चुकले का? ही नोकरी सोडावी का?
एक वाचक, ऐरोली

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारले आहे पुष्कळ, पण तुमची झोप त्या मुलीपाशी अडली आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. फोन करण्यात तुमचे चुकले नाही. समुपदेशनातली गुप्तता जिवाच्या धोक्यापाशी थांबते, आणि ही काही तुमची वैयक्तिक समजूत नव्हे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क देतानाच जिवाला धोका असल्यास माहिती देण्याची मुभा ठेवलेली आहे. त्या कायद्यातील व्यावसायिकांच्या व्याख्येत विद्यापीठाचा समुपदेशक नेमका बसतो की नाही, यावर वकील वाद घालू शकतील, पण तत्त्व तुम्हालाही तितकेच लागू आहे आणि विद्यापीठालाही.

तरीही ती मान वळवते, आणि तिच्या बाजूने पाहिले तर ते स्वाभाविक आहे. तुमच्यासमोर बोलून ती खोलीवर गेली आणि थोड्या वेळाने तिचे वडील दारात उभे राहिले. मधल्या वेळात काय ठरले, कोणी ठरवले आणि आपण बोललेल्यापैकी किती त्यांच्या कानावर गेले, हे तिला ठाऊक नव्हते. पत्रात तुम्ही लिहिलेले नाही, पण फोन करण्यापूर्वी तुम्ही तिला तसे सांगितले नसावे असा माझा अंदाज आहे. “आता हे मी एकटीजवळ ठेवू शकत नाही, घरी कळवावे लागेल, तू समोर बसलेली असतानाच फोन करते, काय सांगायचे आणि काय नाही ते आपण दोघी मिळून ठरवू,” एवढे म्हटले असते तरी तिला राग आलाच असता, पण तो राग घेऊन ती तुमच्याकडे पुन्हा आली असती. शिवाय फोन दर वेळी वडिलांनाच करायचा असतो असेही नाही. काही मुलांच्या बाबतीत धोक्याचे मूळ घरातच असते, आणि मग मामा, मोठी बहीण, वसतिगृहाच्या रेक्टर किंवा थेट मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे वळावे लागते. “तुझ्या घरचे किंवा बाहेरचे कोण तुला जवळचे वाटते?” हा प्रश्न संकटाच्या रात्री विचारण्यापेक्षा पहिल्याच भेटीत विचारून टिपून ठेवावा.

आता तिला एकदा भेटा. मुद्दाम खोलीत बोलावू नका, कारण त्या काचेच्या दारातून पुन्हा आत यायचे तिला जड जाईल. ग्रंथालयात किंवा वसतिगृहाच्या आवारात, आसपास कोणी नसताना, दोन मिनिटे मागा. वडिलांना नेमके काय सांगितले, काय सांगितले नाही आणि फोन का केला, हे सरळ शब्दांत सांगा, आणि तिला न सांगता केला याबद्दल खेद व्यक्त करा. आपली बाजू पटवून देण्याच्या भरीस पडू नका. माझ्याकडे यायचे नसेल तर दुसऱ्या कोणाकडे जाता येईल, हेही सांगा आणि तो पत्ता लिहिलेला कागद हातात द्या. ती काही न बोलता निघून गेली तरी तो कागद तिच्याजवळ राहील. घरी असताना तिला मानसोपचारतज्ज्ञाला दाखवले का, औषधे सुरू आहेत का, हे मात्र तिच्याकडून समजून घेतलेच पाहिजे. जीव देण्याचा विचार बोलून दाखवणाऱ्या मुलीची वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. औषधे द्यायची की नाही हा निर्णय समुपदेशकाचा नसतो, आणि ते ओझे तुम्ही आपल्या अंगावर घेऊ नये.

इथे ठाण्याचा विषय निघतोच. प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून तिथे आहे आणि “ठाण्याला पाठवायला हवे” ही थट्टा ऐकतच आपण सगळे वाढलो. तुमच्याकडची मुलेही ती करत असणार. त्यामुळे पुढे पाठवण्याचे नुसते नाव काढले तरी मुलांच्या डोळ्यांसमोर गजांच्या खिडक्या येतात. बाह्यरुग्ण विभाग असतो, तिथे दाखवून लोक संध्याकाळच्या आत घरी जातात, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही मानसिक आरोग्याचे काम करणारी संस्थाही ठाण्यातच आहे. आपण कोणाला कुठे पाठवतो, ते ठिकाण तुम्ही स्वतः एकदा जाऊन पाहून या. केसपेपर कुठे काढतात, रांग किती असते, सोबत कोणी लागते का, एवढे ठामपणे सांगता आले की मुलाची अर्धी भीती तिथेच उतरते.

आता अधिष्ठात्यांची यादी. ती देऊ नका. हे वाक्य मी विचारपूर्वक लिहिते आहे, कारण करारावरच्या माणसाला असे सांगणे सोपे आणि करणे अवघड असते. पण नकार देताना तुम्हाला भांडावे लागणार नाही, कारण तुमच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभरातील शिक्षणसंस्थांना लागू होणारी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, हे त्यातले एक. तुमच्या कामाचे दुसरे : किती विद्यार्थ्यांना मदत केली, किती जणांना पुढे पाठवले, प्रशिक्षणे किती झाली, याच्या नोंदी ठेवून वार्षिक अहवाल करायचा आहे, आणि या नोंदी नावाविना ठेवायच्या आहेत. म्हणजे अधिष्ठात्यांना लागणारा कागद तुम्ही देऊ शकता, फक्त त्यात नावांच्या जागी आकडे असतील. या महिन्यात किती विद्यार्थी आले, त्यांतले नवे किती, कोणत्या वर्षाचे किती, परीक्षेची भीती, घरची आर्थिक ओढाताण, प्रेमभंग, झोप, व्यसन अशा ढोबळ कारणांचे किती, एवढे एका पानावर छान मांडून मागण्याआधीच त्यांच्या टेबलावर ठेवा. नॅकच्या, म्हणजे शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलला चालेल असा कागद हाती पडला की बहुतेक साहेबांची उत्सुकता तिथे संपते, हा माझा अनुभव आहे. एखाद्या वर्गातून फक्त एकच विद्यार्थी आला असेल तर तो आकडा वेगळा दाखवू नका, कारण तिथे आकडा आणि नाव एकच होते.

एवढ्यावरही ते नावांसाठी अडून बसले तर मागणी लेखी द्यायची विनंती करा. अशी मागणी सही करून लेखी देणारे अधिकारी फार थोडे असतात.

रजिस्टर तर आजच बदला, त्याला कोणाची परवानगी लागू नये. पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म भरायला किंवा फीच्या रांगेत आलेला वर्गमित्र टेबलावर सहज वाकून “येण्याचे कारण : घरी भांडण” असे वाचू शकतो. असे असताना तुमच्याकडे कोणी येते, याचेच मला आश्चर्य वाटते. बाहेर काहीच लिहून घेऊ नका. आत आल्यावर विद्यार्थ्याला क्रमांक द्या, नाव आणि क्रमांक यांचा मेळ असलेली वही कुलूपबंद कपाटात ठेवा आणि किल्ली तुमच्याजवळ ठेवा. काचेवर दुधी कागद चिकटवायला दीड-दोनशे रुपये लागतात, तेवढे मंजुरीची वाट न पाहता खिशातून खर्च केले तरी चालेल. खोली बदलून मागा. ग्रंथालयाच्या मजल्यावरची किंवा दवाखान्याला लागून असलेली खोली सर्वात बरी, कारण तिथे जाणारा मुलगा कुठे निघाला आहे हे कोणाला कळत नाही.

गुप्ततेची हद्द पहिल्या भेटीतच, मूल बोलायला लागण्यापूर्वी, अर्ध्या पानाच्या मराठी-हिंदी-इंग्रजी कागदावर वाचायला द्या आणि तोंडीही सांगा. इथे बोललेले बाहेर जाणार नाही, अपवाद तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असण्याचा आणि न्यायालयाच्या आदेशाचा. यात एक गोष्ट समुपदेशकही पुष्कळदा विसरतात, ती म्हणजे प्रथम वर्षाला आलेली कितीतरी मुले सतराच वर्षांची असतात. अठरा पूर्ण न झालेल्या मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, तिथे तुमच्या इच्छेचा प्रश्न उरत नाही. हे मुलाला आधी माहीत असले पाहिजे, म्हणजे काय सांगायचे आणि कधी सांगायचे हे त्याच्या हातात राहते.

रात्रीच्या मेसेजविषयी मी थोडी कठोर होणार आहे. रात्री दीड वाजता तुम्ही पाठवलेल्या “काय झाले बाळा?” याने त्या मुलाला बरे वाटत असेल, पण तुम्ही कायम जाग्या आहात असा त्याचा समज होतो, आणि एखाद्या रात्री तुम्हाला झोप लागली की तो समज त्याच्यावर उलटतो. कामासाठी वेगळे सिम घ्या, त्याचा खर्च विद्यापीठाकडे मागा. संध्याकाळी ठरलेल्या वेळेला तो फोन बंद करा आणि आपोआप जाणारा संदेश लावून ठेवा : मी उद्या सकाळी दहाला भेटेन, आत्ता बोलायचेच असेल तर टेली-मानसला १४४१६ वर फोन कर, जिवाला धोका असेल तर ११२ लाव किंवा रेक्टरना उठव. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक वसतिगृहात आणि वर्गांत मोठ्या अक्षरांत लावावा, हेसुद्धा वरच्या निकालातच आहे. तुमच्या वसतिगृहाच्या जिन्यात तो दिसत नसेल तर लावून घ्या. आणि रात्री कोणाला हाक मारायची हे रेक्टर आणि रखवालदार यांनाही ठाऊक असू द्या, कारण मध्यरात्री दार ठोठवायला तिथे तेच असतात, तुम्ही ऐरोलीत असता.

अडीच हजारांना एक हे प्रमाण मुळातच तुटपुंजे आहे. अमेरिकेत विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी संस्था हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक धरते. आपल्याकडे एवढे लगेच होणार नाही, पण हा आकडा कुलसचिवांना लिहायच्या पत्रात घालण्याजोगा आहे. तोवर दिवसाला तुम्हाला झेपतील तेवढ्याच भेटी ठेवा, दोन भेटींत पंधरा मिनिटे मोकळी सोडा आणि एखाद्या ज्येष्ठ समुपदेशकाकडे महिन्यातून दोनदा आपली प्रकरणे, नाव न घेता, मोकळी करा. या पेशात याला सुपरव्हिजन म्हणतात आणि तो परवडत असेल तर करायचा शौक नव्हे. ऑगस्टपासून तुमची झोप उडालेली असेल तर स्वतःसाठीही कोणाला तरी भेटा.

सासूबाईंचे बोलणे तिरके आहे, पण त्यांचे निरीक्षण खोटे नाही. घरी आल्यावर तोंड पडलेले असते, हे त्यांना दिसते. मुलांच्या गोष्टी त्यांना सांगायच्या नाहीत, पण “आज फार थकले, थोडा वेळ कोणाशी बोलावेसे वाटत नाही” हे सांगायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

नोकरी आत्ता सोडू नका. कराराची मुदत संपायच्या दोन महिने आधी कुलसचिवांना एक पत्र द्या आणि त्यात नावांची मागणी थांबावी, खोली बदलावी, आणखी एक समुपदेशक नेमावा आणि सुपरव्हिजनचा खर्च विद्यापीठाने द्यावा, असे मागा. खोली आणि माणूस यांसाठी वाट पाहता येईल. नावांच्या बाबतीत मात्र लेखी होकार मिळाला नाही तर नूतनीकरणावर सही करू नका. निघण्याची वेळ आलीच तर शेवटच्या महिन्यात, ज्यांच्या भेटी सुरू आहेत अशा प्रत्येक विद्यार्थ्याला विचारा की त्याच्या नोंदी नव्या समुपदेशकाकडे जाव्यात का, आणि होकार असेल त्यांच्याच नोंदी बंद पाकिटात घालून, त्या विद्यार्थ्याच्या सहीसह, नव्या समुपदेशकाच्या हातात द्या. नवी नेमणूक झाली नसेल तर ती पाकिटे कुलूपबंद कपाटातच राहतील आणि किल्ली अधिष्ठात्यांकडे जाणार नाही, हेही त्याच पत्रात लिहून घ्या.