प्रश्नोत्तरे : ओटीतली सफरचंदं, कोजागिरीची खीर आणि धपाटे

नवरात्र ते दिवाळी या दिवसांतल्या प्रश्नांत सफरचंदच जास्त आहे. निवडक प्रश्न घेते.

प्रश्न : पूजेची आणि ओटीची मिळून बरीच सफरचंदं साठली आहेत. वरून लालभडक, आतून भुरभुरीत. मुलं तोंड लावत नाहीत. काय करू? (नांदेड)

आपल्याकडे गाड्यावर मिळतं ते बहुतेक डेलिशियस जातीचं. हिमाचलचा माल जुलैअखेरीपासून सुरू होतो, काश्मीरचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात. थंडीत ठेवलं तर हे फळ छान टिकतं, पण ऑक्टोबर हीटमध्ये देवापुढे चार दिवस राहिलं की पिठूळ होणारच. पुढच्या वेळी ओटी उचलली की फळं लगेच फ्रीजमध्ये टाका, मात्र मेथी-कोथिंबिरीपासून लांब. सफरचंदातून इथिलीन वायू निघतो, त्याने पालेभाजी पिवळी पडते.

पिठूळ फळ खायला नकोसं असलं तरी शिजवायला चालतं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा, पुढच्या उत्तरांतही त्याच येतील. शंभरातले पंच्याऐंशी भाग पाणी असतं, ते आटवावं लागतं. आणि डेलिशियसला आंबटपणा फार कमी, तो आपण द्यावा लागतो. शिजवलेलं सफरचंद नुसतंच गोडमिट्ट लागतं अशी तक्रार असते, तिचं कारण हेच.

चुंदा करा. किसाच्या चार वाट्यांना दोन वाट्या चिरलेला गूळ, मोठं लिंबू, मीठ, लाल तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चार लवंगा. आधी नुसता किस मध्यम आचेवर परता. सुरुवातीला पाणी सुटून कढईत पातळ रस्सा दिसेल, घाबरू नका. तो आटून उलथन्यामागे तळ दिसायला लागला की मग गूळ. लिंबू गॅस बंद केल्यावर. गार झाल्यावर काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये. कैरीच्या चुंद्यासारखा वर्षभर बाहेर ठेवण्याचा नाही हा, पंधरा दिवसांत संपवा.

शिरा करायचा तर किस तुपात कोरडा करून घ्या आणि रव्याला नेहमीपेक्षा अर्धी वाटी पाणी कमी घाला.

प्रश्न : कोजागिरीला सफरचंदाची खीर केली, दूध फाटलं. मागच्या वर्षीही तसंच. दूध खराब असेल का? (लातूर)

दुधाला दोष देऊ नका. कच्चा किस उकळत्या दुधात पडला असणार. आंबटपणा कमी म्हटलं तरी फळात मॅलिक आम्ल असतंच, आणि गरम दुधाला तेवढं पुरतं.

सालं काढून किसा, चमचाभर तुपात परता, साखर त्यातच घाला आणि हलवत राहा. किस पारदर्शक होऊन गोळा जमायला लागला की उतरवा, पूर्ण गार होऊ द्या. दूध वेगळं आटवा, तेही गार करा. मग एकत्र करा, वेलदोडा-जायफळ घाला. नंतर पुन्हा गॅसवर चढवायचं नाही, ही खीर थंडच खायची. गूळ नको, तोही दूध फाडतो. फाटलंच तर ओतून देऊ नका, साखर घालून तसंच आटवलं की रवाळ कलाकंदासारखं होतं आणि पाहुण्यांना कळतही नाही.

प्रश्न : सफरचंदाची तिखट भाजी होते का? सासूबाई म्हणतात, फळाची कुठं भाजी करतात! (बीड)

कच्च्या केळीची, फणसाची करतोच की. उलट भाकरीबरोबर ही भाजी मला खिरीपेक्षा आवडते. टणक फळ घ्या, हिरवट-पिवळं गोल्डन मिळालं तर उत्तम, ते जरा आंबटही असतं आणि फोड टिकते. करडईच्या तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, कांदा. काळा मसाला, दाण्याचा आणि तिळाचा कूट, चिंचेचा कोळ, पाणी. रस्सा चांगला उकळून तेल सुटलं की शेवटच्या पाच मिनिटांत सालासकट फोडी टाका. आधी टाकल्या तर लगदा. बाहेरून मऊ, मध्ये किंचित करकरीत असतानाच उतरवा.

उपवासाला हेच तंत्र शेंगदाण्याच्या आमटीत: तूप, जिरं, हिरवी मिरची, कूट, शेवटी फोडी आणि लिंबू. भगरीवर ओतून बघा.

धपाट्यांतही किस जातो. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक, लसूण-मिरची, तीळ, ओवा, कोथिंबीर. पाणी आधी घालू नका. मीठ लागलं की किसच पाणी सोडतो, पीठ त्यातच भिजतं, लागलं तर वरून हबका मारा. आणि मळून ठेवू नका, दहा मिनिटांत गोळा सैल पडतो आणि फडक्यावरून सुटत नाही. तवा तापवून मगच भिजवा. यांच्याबरोबर दही आणि कारळाची चटणी.

प्रश्न : याच पद्धतीने सीताफळाचा शिरा होईल का? (धारूर)

नको. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो. तुमच्याकडचं बालाघाटाचं सीताफळ! बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते चुलीवर कशाला चढवता? गार रबडीत घाला, नाहीतर असंच खा.

प्रश्न : डब्यात दिलेल्या फोडी काळ्या पडतात. (हिंगोली)

हवा लागल्यामुळे. पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ, त्यात पाच मिनिटं बुडवून निथळा. लिंबू चोळलं तरी चालतं, पण मुलं आंबट म्हणून परत आणतात.

प्रश्न : साल आणि बिया काढायच्या का? सालीवर मेण असतं म्हणतात. (परभणी)

मेण लावतात ते चकाकीसाठी आणि फळ सुकू नये म्हणून. कोमट पाण्यात चोळून धुवा. खिरीला साल काढा, भाजीला ठेवा. बिया मात्र नेहमी काढा. चुकून एखादी अख्खी गिळली तर काही होत नाही, पण मिक्सरमध्ये वाटल्या की त्यांतून सायनाइड तयार होतं, म्हणून रसासाठी अख्खं फळ फिरवू नका.

काढलेली साल आणि बिया वगळलेला गाभा टाकू नका. जॅम घट्ट करणारं पेक्टिन त्यातच जास्त असतं. पातळ फडक्यात पुरचुंडी बांधून जॅम शिजताना पातेल्यात सोडा, उतरवण्याआधी पिळून काढा. पपईचा जॅम जमत नाही म्हणून मागे ज्यांनी विचारलं होतं, त्यांनीही ही पुरचुंडी वापरावी, लिंबाच्या रसासकट.